सात पुरुषांचं घर

“अनुसया, तुमच्या घरी पुरुष माणसं किती?” सिंधूताईंनी विचारलं.

“तीन,” अनुसया म्हणाली. “मामाजी, भासरे अन् हे.”

“या कागदावर मला सात सापडले.”

रविवार होता, म्हणून माग बंद होता. सोनकुसऱ्यांच्या घरात माग बंद पडला की माणसं बोलायला लागतात आणि आठवडाभराचं साचलेलं एकाच दुपारी बोलून घेतात, हे अख्ख्या गोळीबार चौकाला माहीत होतं. आजही सगळे मागाच्या खोलीतच जमले होते. अनुसयेचे मामाजी, म्हणजे सासरे शालिकराम, मागाच्या पाटावर, पाय खाली खड्ड्यात सोडून बसले होते. सासू तुळसाबाई भिंतीशी चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होत्या, कारण त्यांना रविवार नव्हता. थोरला मुलगा बळीराम, म्हणजे अनुसयेचा भासरा, दाराच्या चौकटीत अर्धा आत, अर्धा बाहेर उभा होता. आपलं म्हणणं मान्य झालं नाही तर निघून जायला ती जागा बरी पडते. आणि धाकटा जागेश्वर, म्हणजे अनुसयेचा नवरा, शेजारून मागून आणलेल्या खुर्चीचा डुगडुगता पाय आपल्या पायानं दाबून उभा होता. त्या खुर्चीवर सिंधूताई बसल्या होत्या.

सिंधूताई सीताबर्डीवरच्या एका शाळेत शिकवायच्या आणि दुपारी बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग घ्यायच्या. अनुसया सहा महिने त्या वर्गाला जात होती. मॅट्रिक तिनं माहेरी, उमरेडला केलं होतं, पण तिथलं इंग्रजी म्हणजे पाठ केलेले निबंध. ते एका दमात म्हणता येत. मधे कुणी अडवलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागे.

येत्या बुधवारी धंतोलीत डॉक्टर अरुंधतीबाईंच्या दवाखान्यात केस पेपर लिहिण्याच्या खिडकीसाठी नवा माणूस निवडणार होते. अट एकच होती. तिथे बसून, आपल्या हातानं, इंग्रजीत एक परिच्छेद लिहून दाखवायचा. अनुसयेला ती खिडकी हवी होती. मागच्या वर्षी लेक कुंदा तापानं फणफणली होती तेव्हा ती त्या खिडकीसमोर दोन तास उभी होती. कुणी यवतमाळहून आलेलं, कुणी भंडाऱ्याहून. कुणी रडत सांगे, कुणी भांडत. आतला म्हातारा कारकून ते सगळं ऐके आणि कागदावर इंग्रजीत तीन ओळी लिही. त्या तीन ओळी घेऊन माणूस आत गेला की डॉक्टरीणबाईंना सगळं कळलेलं असे. तीन ओळींत एवढं कसं मावतं, हे कुतूहल तेव्हा तिच्या डोक्यात शिरलं ते निघालंच नाही. कुंदा बरी झाली, सुटीत मामाकडे उमरेडलाही गेली, पण हिचं काही ते जाईना.

“मी मराठीत करून वाचते,” सिंधूताई म्हणाल्या. “‘माझं कुटुंब. आमच्या घरात एक वडीलधारे गृहस्थ आहेत. ते विणतात. त्यांना दोन मुलगे आहेत. मोठे गिरणीत जातात. ते रागीट आहेत. माझ्या मुलीचे वडील सज्जन आहेत. तेही विणतात. एक जण रातपाळी करतात. एक जण मला वर्गाला सोडायला येतात. माझ्या सासूबाईंचे यजमान रोज रामाचं नाव घेतात.’ आता सांगा, नवख्या माणसानं काय समजायचं? हे मुलीचे वडील आणि वर्गाला सोडायला येणारे एकच का? की शेजारचे कुणी?”

“दोन्ही मीच होय ना,” जागेश्वर म्हणाला. खुर्चीवरचा पाय त्यानं हलू दिला नाही. “अन् सज्जन लिवलं तेही मलेच.”

“रागीट कोणाले लिवलं?” चौकटीतून बळीरामनं विचारलं.

तुळसाबाईंनी चरखा जरा जोरात फिरवला.

कागदावर अकरा लाल गोल होते आणि प्रत्येक गोलाशेजारी एकच शब्द होता: कोण? अनुसयेनं ते वर्गात पाहिले तेव्हा तिचे कान तापले होते. आपण चुकीचं काहीच लिहिलेलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जे लिहिलं ते सगळं खरं होतं आणि क्रियापदंसुद्धा बरोबर होती. फक्त एकाही माणसाचं नाव नव्हतं. तिच्या ध्यानातही ते आलं नव्हतं, कारण घरात ती जशी बोलायची तसंच तिनं इंग्रजीत लिहिलं होतं.

“वाचणारा तुमच्या घरात कधी आलेला नाही,” सिंधूताई सांगत होत्या. “माणूस परिच्छेदात पहिल्यांदा आला की त्याचं नाव सांगायचं. मग पुढे दहा वेळा ‘ते’ म्हणा. आणि दुसरी गोष्ट, एका परिच्छेदात एकच मुद्दा. पहिल्या वाक्यात तो सांगायचा आणि बाकीच्या वाक्यांनी त्याच्याच मागे चालायचं.”

“ताई, पण मी यायचं नाव घेऊ कशी?” अनुसयेनं हळूच विचारलं.

“घ्यायचं कुठे आहे? लिहायचं आहे.”

“जागेश्वर,” बळीराम म्हणाला. धाकट्या भावाच्या बायकोशी तो थेट बोलत नसे, तीही त्याच्याशी बोलत नसे. त्यामुळे या घरात अर्धं बोलणं जागेश्वरच्या अंगावरून जायचं. “तुह्या घरी सांगून दे. लिवणं अन् घेणं एकच होय. आज कागदावर लिवन, उद्या तोंडावर घेईन. बाबूजीचं नाव सून लिवते, हे लोकाले दिसलं तं लोकं काय म्हणतीन?”

“लोकं कुठून पायतीन गा दादा? डॉक्टरीण पाहीन फक्त.”

“ते काय लोकात नाही मोजत काय?”

जागेश्वरनं खुर्चीचा पाय आणखी दाबला. भावाला द्यायचं उत्तर त्याला दोन दिवसांनी विणता विणता सुचायचं.

तुळसाबाईंचा हात चालू होता, पण लक्ष सगळं सिंधूताईंकडे होतं. वीस वर्षांत या खोलीत इतकं नवं काही बोललं गेलं नव्हतं. त्यांना लिहिता येत नव्हतं, वाचताही येत नव्हतं. इंग्रजी म्हणजे त्यांच्या मते डॉक्टर आणि साहेबांनी आपसात बोलायची गोष्ट. तिच्यात आपल्या घरची माणसं शिरणार आणि त्यांना तिथे नावं लागणार, हे ऐकून त्यांना गंमत वाटू लागली होती.

“काहून वं बाई,” त्यांनी सिंधूताईंना विचारलं, “इंग्रज लोकाच्या बाया नवऱ्याचं नाव घेते काय?”

“घेतात की.”

“तोंडावर?”

“तोंडावर. हाकसुद्धा नावानंच मारतात.”

“अन् तो येते?”

“येत असावा.”

“लवकर येत असन,” तुळसाबाई म्हणाल्या. “मी ‘ऐकलं काय’ म्हणते तं पहिले दोन्ही पोट्टे पायते, मंग शेजारचा नानाजी पायते, अन् ज्याले बोलावलं तो मागावर धोटा फेकतच राह्यते.”

शालिकराम मिशीत हसले. तुळसाबाईंना त्यामुळे धीर आला. “मंग उखाणा टाकून दे ना मधात,” त्या सुनेला म्हणाल्या. “उखाण्यात नाव चालते. लग्नात नाही घेतलं काय तू?”

“परिच्छेदात उखाणा नाही चालत, आजी,” सिंधूताई हसू दाबून म्हणाल्या. “आणि सासऱ्यांचं नाव कुठल्या उखाण्यात घेणार?”

हे तुळसाबाईंनाही पटलं. आणि सासऱ्यांचं म्हटल्यावर त्यांना ती जुनी गोष्ट आठवली. ती आज निघू नये असं त्यांना वाटत होतं. म्हणूनच शालिकरामांनी ती काढली.

“मास्तरीणबाई, तुमाले एक किस्सा सांगतो,” ते म्हणाले. “मागं मतदानाची यादी कराले एक माणूस आला होता. घरी हे एकटीच. त्यानं विचारलं, मालकाचं नाव काय? आता हे कशी सांगन? हिनं त्याले देवघरात नेलं अन् शाळिग्राम दाखवला. म्हणे, हे नाव. तो होता कुठला बाहेरगावचा. त्यानं पाहिला काळा दगड. लिवलं दगडू.”

जागेश्वरच्या हसण्यानं खुर्ची डुगडुगली.

“हसू नोको. तीन मतदानं झाली, मी दगडू सोनकुसरे म्हणून शाई लावून राहिलो. शालिकरामचं एकही मत नाही पडलं अजून.” ते बळीरामकडे वळले. “तू म्हणतं लोकं काय म्हणतीन. लोकं मले दगडू म्हणून राहिले ना बाप्पा. नाव नाही घेतलं म्हणून त्याची इज्जत वाढली काय?” मग सुनेकडे न पाहता, समोरच्या ताण्याकडे पाहत ते म्हणाले, “लिही पोरी. पूर्ण लिही. शालिकराम भैय्याजी सोनकुसरे. माह्या बापाचंही येऊ दे.”

तुळसाबाईंनी चरखा थांबवला. आपल्या मूर्खपणाची कहाणी मास्तरीणबाईंपुढे सांगितली म्हणून त्या रागावल्या होत्या खऱ्या, पण त्यातून सुनेचं काम झालं होतं. तेव्हा राग त्यांनी पुढे कधी कामी येईल म्हणून ठेवून दिला.

“माह्यंही लिव,” जागेश्वर घाईनं म्हणाला.

“माह्यं नोको,” बळीराम म्हणाला. “बाबूजीची मर्जी, त्यायचं त्यायले माहीत. माह्यं नाव त्या कागदावर नोको.” आणि तो ओट्यावर जाऊन बसला. त्यासाठीच तो चौकटीत उभा होता.

सिंधूताईंनी घड्याळ पाहिलं. “मग त्यांच्याशिवाय लिहू,” त्या म्हणाल्या. “आता मुद्दा ठरवा. तुमच्या घराबद्दल सांगावी अशी एक गोष्ट कोणती? एकच.”

यावर घरात जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा होता. शालिकरामांना वाटलं, रामटेकच्या जत्रेसाठी त्यांच्या वडिलांनी विणलेल्या लुगड्यांची गोष्ट यावी. तुळसाबाईंना वाटलं, कुंदा शाळेत पहिली आली ते यावं. जागेश्वरला घरची विहीर यायला हवी होती, कारण मोहल्ल्यात उन्हाळ्यात न आटणारी तेवढीच एक. सिंधूताई प्रत्येकाला म्हणत, “छान आहे, पण तो दुसरा परिच्छेद झाला.” आपलं म्हणणं दुसऱ्या परिच्छेदात गेलं की माणूस नाराज व्हायचा.

शेवटी ही गोष्ट शालिकरामांनाच आधी समजली. “बाई बराबर म्हणून राहिली,” ते म्हणाले. “लुगड्याले काठ एकाच नमुन्याचा असते. अर्ध्यात दुसरा काठ घातला तं ते लुगडं नाही राहत. गप बसा, तिले पाहू द्या.”

अनुसया गुडघ्यावर वही ठेवून बसली होती. सगळे गप्प झाले तशी खोलीतली शांतता तिला ऐकू आली. रविवारशिवाय ही शांतता या घरात कधी असते, याचा ती विचार करू लागली. आणि मग तिला मुद्दा सापडला. तो सापडला तेव्हा तिला स्वतःचंच नवल वाटलं. नऊ वर्षं ती या आवाजात राहत होती आणि तो सांगण्यासारखा आहे हे तिला आज कळत होतं.

तिनं इंग्रजीत पहिलं वाक्य लिहिलं: आमचं घर आवाजाचं घर आहे.

“वा,” सिंधूताई म्हणाल्या. “आता याच्या मागे चला.”

ती चालली. माझे सासरे शालिकराम पहाटे माग सुरू करतात. तिनं ते नाव लिहिलं तेव्हा नकळत डोक्यावरचा पदर पुढे ओढला. माझे पती जागेश्वर दुसऱ्या मागावर बसतात. माझ्या सासूबाई तुळसाबाई चरखा फिरवतात. आम्ही ओरडून बोलतो. भाजी जळत असेल तर मी थाळी वाजवते. शब्द अडला की ती सिंधूताईंकडे पाही, पण त्या शब्द सांगत नसत, म्हणत, “तुम्हाला येणाऱ्या शब्दांत सांगा.” आणि मग ते सांगता येई. दर वेळी तिला याचं नव्यानं नवल वाटे.

प्रत्येक वाक्य झालं की सिंधूताई त्याचं मराठी करून सांगत आणि सगळे माना हलवत. ओट्यावर पाठ करून बसलेल्या बळीरामलाही ते ऐकू जात होतं. ओटा काही गावाबाहेर नव्हता.

“‘पण दर दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसात ते अकरा आमचे दोन्ही माग बंद असतात,’” सिंधूताईंनी वाचलं आणि त्या थांबल्या. “हे चांगलं आहे. ‘पण’ आला, गोष्ट वळली. का बंद असतात?”

अनुसयेनं लिहिलं. सिंधूताईंनी वाचलं, “‘कारण ते झोपतात.’ ते कोण? पुन्हा गोल करावा लागेल मला.”

सगळ्यांनी ओट्याकडे पाहिलं.

बळीराम मिलमध्ये होता आणि एक आठवडा सोडून एक त्याची रातपाळी असे. सकाळी सातला तो घरी येई, चहा घेई आणि मागाच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत आडवा होई. आपण मागाच्या धडधडीतही गाढ झोपतो, हे तो मिलमधल्या जोडीदारांना गेली कितीतरी वर्षं छाती फुगवून सांगत आला होता. कोष्ट्याच्या पोराला आवाज लागत नाही, म्हणायचा. अकरानंतर जाग आली की दोन्ही माग चालूच असत. मग ते मधे बंद होते हे त्याला कळणार कुठून?

आता त्याला ते कळलं, आणि तेही मास्तरीणबाईच्या तोंडून, इंग्रजीतून मराठीत आलेलं. तो उठून पुन्हा चौकटीत आला.

“माय,” तो म्हणाला, “माग बंद ठेवता काय तुमी?”

“मंग काय करू,” तुळसाबाई म्हणाल्या. “रातभर उभा राहून येतं.”

“कवापासून?”

“कांता होती तवापासून. तिनंच सुरू केलं ते. बाबूजीच्या पुढं बोलत नव्हती, तं मागाचा धोटाच लपवून ठेवे. मंग आमाले सवय पडून गेली.”

कांता म्हणजे बळीरामची बायको. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. बळीराम चौकटीला हात लावून उभा राहिला. मिलमध्ये त्याला टोकन नंबरानं बोलावत. घरात तो कुणाचा दादा होता, कुणाचा भासरा. आईबाप ‘बळी’ म्हणत. कांतानं त्याचं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नात घास देताना, आणि ते वाजंत्रीत त्याला ऐकूच आलं नव्हतं. तिनं धोटा लपवला होता हेही त्याला ऐकू आलं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं आणि त्या वाइटातच बरंही वाटलं. दोन्हींचं काय करावं ते त्याला कळेना.

“जागेश्वर,” तो शेवटी म्हणाला, “तुह्या घरी सांग. बळीराम. स्पेलिंग मास्तरीणबाईले विचारून घे म्हणा, माह्या टोकनवर चुकीचं हाय.” मग थोडं थांबून त्यानं विचारलं, “अन् कांताचं येते काय त्यात? का ते दुसरा प्याराग्राफ होते?”

“नाही,” सिंधूताई म्हणाल्या. “ते याच परिच्छेदात येतं.”

कांताचं ते वाक्य अनुसयेला कुणीही सांगितलं नाही. ते तिनं एकटीनं लिहिलं आणि त्यात एकही लाल गोल पडला नाही.

*

बुधवारी जागेश्वरनं तिला सायकलवर मागे बसवून धंतोलीला नेलं. परिच्छेद तिला तोंडपाठ झाला होता. पाठ करू नका असं सिंधूताईंनी बजावलं होतं, पण भीती वाटली की माणूस पाठच करतो.

दवाखान्याच्या मोठ्या खोलीत एका बाजूला रुग्ण बसले होते आणि दुसऱ्या बाजूला परीक्षेच्या आठ बायका. तासभर कुणी बोलावलं नाही. मग डॉक्टर अरुंधतीबाई स्वतः बाहेर आल्या आणि त्यांनी कागद वाटले.

“घराबद्दल नको,” त्या म्हणाल्या. “ते सगळ्याच करून आल्या असणार. तासभर इथे बसला आहात. या खोलीत पाहिलेली एकच गोष्ट लिहा. बारा वाक्यं. अर्धा तास.”

शालिकराम, तुळसाबाई, थाळी, धोटा, सगळं आता निरुपयोगी होतं. शेजारची बाई तरीही आपलं कुटुंब लिहू लागली. अनुसयेनं लेखणी खाली ठेवली आणि समोर पाहिलं.

समोर जे चाललं होतं ते ती मघापासून पाहत होती. रामटेककडची असावी अशी एक बाई खिडकीशी उभी होती. पायाला धानाच्या बांदीतला चिखल वाळलेला. तिचा नवरा बाकावर आडवा, डोळे मिटलेले, तापानं ग्लानीत. खिडकीतल्या म्हाताऱ्या कारकुनानं तिला पेशंटचं नाव दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा ती खाली पाहून गप्प राहिली होती. “नाव माहीत असलेल्या कुणाला घेऊन ये,” असं सांगून त्यानं तिला बाजूला उभं केलं होतं आणि पुढचे चार कागद लिहिले होते. तो वाईट माणूस नव्हता. त्याला वाटलं, बाई गोंधळली आहे.

अनुसयेनं इंग्रजीत लिहिलं: एक बाई आपल्या आजारी नवऱ्याला घेऊन आली आहे, पण तिला कागद मिळत नाही. पहिलं वाक्य झालं; मुद्दा सांगून झाला. दुसऱ्या वाक्यात बाईला आत आणायचं होतं. तिनं ‘ती’ लिहिलं आणि तिला तो लाल गोल दिसला. कोण?

ती उठली. कागद घेऊन सरळ खोली ओलांडून त्या बाईपाशी गेली. कंपाउंडर म्हणाला, “अहो, बसून लिहा.” तिनं ऐकलं नाही.

“तुमचं नाव काय वं बाई?”

“इंदू.”

“अन् घरच्यायचं?”

बाईनं पदराचं टोक दातात धरलं. “मी कशी घेऊ? संगं कोणीच नाही आलं. बाई, तुमी त्यायले सांगा ना, आधी पाहून घ्या म्हणा. नाव मंग पाहू.”

“नाव लिवल्याशिवाय अंदर नेत नाही.”

“माहीत हाय,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. “म्हणून तं उभी हाओ.”

अनुसयेला हे सगळं आतून माहीत होतं. पोटात शब्द तयार असतो, जिभेपर्यंत येतो आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या बाया त्याचा हात धरून ठेवतात. या बाईला समजावून उपयोग नव्हता. तिच्याऐवजी नाव सांगायला इथे शेजारचं पोर नव्हतं, देवघर नव्हतं, आणि बाकावरच्या माणसाचा श्वास मघापेक्षा जोरात चालला होता. खोलीत गलका होता. म्हणून ती बऱ्यापैकी मोठ्यानं बोलली.

“हे पाहा, मी घेते पहिले. माह्या घरवाल्याचं नाव जागेश्वर. जागेश्वर शालिकराम सोनकुसरे. झालं. काहीच नाही होत. आता तुमी सांगा.”

इंदूबाईनं तिच्याकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, आणि तिच्या कानाशी येऊन म्हणाली, “गोविंदा.”

“गोविंदा काय?”

“गोविंदा नेवारे.”

अनुसयेनं आपल्याच परीक्षेच्या कागदाच्या कोपऱ्यावर ते इंग्रजीत लिहिलं, कोपरा फाडला आणि खिडकीतून आत सरकवला. कारकुनानं चष्मा वर करून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि केस पेपर ओढला. त्या माणसाला आत नेलं. मग ती जागेवर येऊन बसली आणि उरलेली वाक्यं तिनं लिहून काढली. कोपरा फाटलेला तो कागद डॉक्टरीणबाईंनी तिथेच उभ्यानं वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला.

*

जागेश्वर बाहेर व्हरांड्यात सायकलला टेकून उभा होता. मघाशी कधीतरी त्यानं दचकून मागे पाहिलं होतं. ओळखीचं कुणी दिसलं नाही, तेव्हा आपल्याला भास झाला असं तो समजला होता. पण भास म्हणावा तर बापाच्या नावासकट झाला होता.

अनुसया बाहेर आली. दोघं सायकल ढकलत सीताबर्डीच्या दिशेनं चालायला लागली.

“सोमवारपासून,” ती म्हणाली. “नऊ वाजता.”

“खरंच?”

“त्या म्हणे, तुमच्या कागदात सगळ्यायले नाव आहे.”

त्याला इतका आनंद झाला की त्यानं सायकलची घंटी उगाच वाजवली. मग म्हणाला, “मघा अंदरून मले कोणी आवाज दिला काय?”

“नाही. आवाज नाही दिला. त्या बाईले सांगितलं.”

“काय सांगतलं?”

अनुसयेनं पुढे पाहिलं, मागे पाहिलं. रिक्षा जात होत्या, टांगे जात होते. आपल्या ओळखीचं रस्त्यावर कुणी नव्हतं. नऊ वर्षांत हा माणूस ‘ऐकलं काय’ला ओ देत आला होता, ‘कुंदाचे बाबा’ला ओ देत आला होता, नुसत्या बांगड्या वाजल्या तरी वळून पाहत आला होता. तिला एकदम त्याची माया आली.

“म्हटलं,” ती म्हणाली, “माह्या घरवाल्याचं नाव जागेश्वर.”

“ओ,” तो म्हणाला.